निर्मळचा ब्राउझरप्रवेश

"झालं!" म्हणत रिसबूड सर खुर्चीतून ताडकन उठले. एरवी चहासुद्धा बसल्या जागी थंड होऊ देणारा हा माणूस उठला म्हटल्यावर मीही उठले, न जाणो भूकंप असायचा.

भूकंप नव्हता. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'कंपायल पूर्ण' असं आलं होतं, आणि बटण दाबलेलं माझं बोट अजून माउसवरच होतं.

"इतक्या लवकर?" मी विचारलं.

"निर्मळ आहे ती," सर म्हणाले, बोर्डात मुलगी पहिली आलेल्या बापाच्या आवाजात. "आणि बघ, लूपशिवाय!"

आतल्या केबिनमधून सरनोबत साहेब बाहेर आले, त्यांनी हिरवी अक्षरं पाहिली आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. आमच्या कंपनीत काम होण्याआधीच पेढे वाटायची पद्धत होती. त्यामुळे काम झाल्यावर आलेले पेढे मला जरा संशयास्पद वाटले, पण खाल्ले.

निर्मळ ही सरांनी तयार केलेली भाषा, प्रोग्रॅम लिहायची. नाव ऐकून धुण्याची पावडर वाटते, असं मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बोलून गेले होते. तरी सरांनी मला ठेवून घेतलं, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी. कोल्हापूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी ती मनाशी जुळवायला घेतली होती आणि निवृत्त झाल्यावर पुरी केली. तिच्यात सगळा कारभार फंक्शनांचा. एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलायची नाही, लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करायला लावणारी सूचना, लिहायचा नाही, आणि कुणी मागितल्याशिवाय कुठलंही गणित सोडवायचं नाही. या शेवटच्या नियमावर सरांचा विशेष जीव. "बाकीच्या भाषा उतावळ्या," ते म्हणत, "कुणी विचारो न विचारो, सगळं करून ठेवतात. आपली शहाणी आहे. मागाल तेव्हा, आणि मागाल तेवढंच." हे ऐकताना मला आमच्या गावचं तलाठी कार्यालय आठवायचं. पण पावडरीवरून एकदा बोलून झालं होतं, म्हणून गप्प बसायचे.

कंपनी इंद्रजित सरनोबतांची. ते सरांचेच विद्यार्थी. गुरूनं भाषा केली, शिष्यानं तिचं दुकान थाटलं. दुकानाला गिऱ्हाईक एकच, पण दणदणीत: नदीपलीकडचा एक सहकारी साखर कारखाना. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे निर्मळमध्ये लिहिलेल्या नियमांवरून ठरायचं. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटणार, हा मुख्य नियम. रस्ता, पाणी, उसाची जात यांचे पोटनियम वेगळे. ऊस वेळेत तुटला नाही की वाळतो, वजन घटतं, पुढचं पीकही लांबतं, त्यामुळे या नियमांवर सगळ्या तालुक्याचा डोळा. नियम बदलायचा झाला की कारखाना तो आमच्याकडे पाठवायचा. मग सर तो वाचायचे आणि कंपायलरमधून, म्हणजे निर्मळचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढून कारखान्याला परत द्यायचे. सरांना वाचताना प्रश्न पडत, त्यामुळे वेळ लागे.

मग कारखान्याला वाटायला लागलं की नियम आपले आपणच लिहावेत. आमच्या दारात यायला नको, वेगळं काही बसवायला नको; ऑफिसातला कुठलाही कंप्युटर उघडावा आणि ब्राउझरमध्येच सगळं व्हावं. मागणी रास्त होती. सरनोबत साहेब सरांना म्हणाले, "सर, जमत नसेल तर आत्ताच सांगा. पुण्याहून पोरं आणतो आणि सगळंच जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहून घेतो. निर्मळचा मग सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊन."

सरांना ते फार लागलं. काही दिवस ते माझ्याशीही धड बोलले नाहीत. मग एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "हेमांगी, ब्राउझरला फक्त जावास्क्रिप्ट कळते. ठीक आहे. आपण आपल्या कंपायलरचीच जावास्क्रिप्ट करू."

ऐकायला किती सोपं! पण कंपायलर लिहिला होता निर्मळमध्येच. म्हणजे त्यानं स्वतःलाच खायला घेऊन, जावास्क्रिप्टचं रूप धारण करून बाहेर यायचं. स्वतःच्याच खांद्यावर बसून जत्रा बघायचा प्रकार. आणि सर म्हणत होते की बसू, जागा आहे.

माझे सात महिने त्या जत्रेत गेले. आधी आकड्यांनी पिडलं. कारखान्याचे सभासद क्रमांक लांबलचक, आणि आकडा फार मोठा झाला की जावास्क्रिप्ट त्याचे शेवटचे अंक परस्पर बदलून टाकते, वर कुणाला सांगतही नाही. एका दुपारी वाटणीसाठी कोर्टात भांडणारे दोन सख्खे भाऊ आमच्या स्क्रीनवर एकाच क्रमांकात गुण्यागोविंदानं नांदायला लागले. मला हुंदका यायचा बाकी होता, पण कामच असं की तो संसार मोडावा लागला.

त्यानंतर लूपचं प्रकरण. निर्मळमध्ये लूप नाही. काही पुन्हा पुन्हा करायचं तर फंक्शन स्वतःलाच बोलावतं. आमच्या मूळ कंपायलरला त्याचं काही वाटत नसे. जावास्क्रिप्ट मात्र प्रत्येक बोलावणं लक्षात ठेवते, एकावर एक रचत जाते, आणि ढीग डोक्यावरून गेला की 'स्टॅक भरला' म्हणून अंग टाकते. यावर उपाय होता. फंक्शननं पुढच्याला स्वतः बोलवायचंच नाही, नुसतं 'आता अमक्याला बोलवा' असं सांगून परत यायचं, आणि बाहेर बसलेल्या एका व्हाइल लूपनं एकेकाला हाक मारायची. मी तो लिहून सरांना दाखवला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरले.

"लूप?"

"जावास्क्रिप्टमध्ये आहे सर. निर्मळला हातसुद्धा लावलेला नाही."

"पण आपल्या हातानं लिहायचा ना? नको. जावास्क्रिप्टच्या मानकातच, अधिकृत नियमपुस्तकात, लिहून ठेवलंय की फंक्शनाच्या शेवटी येणाऱ्या बोलावण्याचा ढीग करायचा नाही. ब्राउझरवाले करतील आज ना उद्या."

मानकात लिहिलंय म्हणजे होणार, अशी श्रद्धा उभा जन्म अनुदानित कॉलेजात काढूनही ज्याची टिकली, त्या माणसाशी मी काय वाद घालणार? मी माझा लूप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिला आणि सर म्हणतील तसं केलं. तर असे आम्ही त्या हिरव्या अक्षरांपर्यंत आणि पेढ्यांपर्यंत पोचलो होतो. पुढच्याच आठवड्यात कारखान्यावर प्रात्यक्षिक ठरलं. ते जमलं तर निर्मळ राहणार, फसलं तर शाल-श्रीफळ.

कारखान्याच्या सभागृहात भिंतीवर आजवरच्या सगळ्या चेअरमनांचे फोटो होते. सगळ्यांचं आडनाव एकच होतं, त्यामुळे पाट्या रंगवणाऱ्याचं काम सोपं झालं असावं. समोर कार्यकारी संचालक, म्हणजे एमडी साहेब. त्यांच्या शेजारी शेती अधिकारी खोत; उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. ऊसतोडीवरून शेतकरी ज्याला पहिल्या शिव्या घालतात तो हाच. सरनोबत साहेब सूट घालून आले होते. सरांनी शर्टाला कडक इस्त्री केली होती आणि ते सारखी कॉलर चाचपत होते.

सरनोबत साहेबांनी भाषण केलं. त्यात 'क्रांती' हा शब्द इतक्या वेळा आला की खोतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मी ब्राउझर उघडला, एक जुना नियम घातला आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत, 'कंपायल पूर्ण'.

टाळ्या झाल्या. एमडी साहेब म्हणाले, "वा, फास्ट आहे की!"

"दाखवा की मग," खोत म्हणाले.

"काय दाखवू?" मी विचारलं.

"काय तयार झालं ते. यादी निघंल न्हवं त्यातनं?"

अगदी साधा प्रश्न होता. आमच्या ऑफिसात तो कुणालाही पडला नव्हता. आम्ही हिरवी अक्षरं पाहिली होती आणि पेढे खाल्ले होते. मी 'दाखवा'वर क्लिक केलं आणि सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ब्राउझरच्या आधी त्यांना कळलं होतं.

मागितल्याशिवाय काही करायचं नाही! कंपायलरनं ऑफिसात काही केलंच नव्हतं. कुणी निकाल मागितलाच नाही, तर तो कशाला कष्ट घेईल? 'पूर्ण' याचा अर्थ 'मागाल तेव्हा बघू' एवढाच होता. भाषेला जन्म देणारा बाप आणि सात महिने तिच्या उशापायथ्याशी बसलेली मी, दोघंही तिचा स्वभाव विसरलो होतो. आता खोतांनी मागितल्यावर तुंबून राहिलेलं सगळं काम एकदम अंगावर आलं. स्क्रीनवर थांबायला सांगणारी चकती फिरायला लागली, ब्राउझर गोठला, मग 'स्टॅक भरला' असं सांगून त्यानं मान टाकली.

"मी म्हणत होतोच," सरनोबत साहेब ताबडतोब म्हणाले, आणि बॅगेतून जावास्क्रिप्टच्या नव्या योजनेची स्लाइड काढली. ती इतकी तयार होती की तिच्यावर तारीखही आजचीच होती.

"जेवणानंतर दाखवतो," सर म्हणाले. "मला जेवणाची सुट्टी द्या फक्त."

एमडी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "द्या हो, मास्तर आहेत. पण जेवून घ्या, तांबडा-पांढरा रस्सा आहे."

तांबडा-पांढरा खाली राहिला आणि आम्ही दोघं गेस्ट हाउसच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "तुझा तो लूप आहे का अजून?"

"आहे सर."

"काढ."

माझं फोल्डर कंपायलरला जोडायला बरीच उलटापालट करावी लागणार होती. कुठे काय तुटेल हे फक्त सरांना ठाऊक, म्हणून त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी 'व्हाइल' लिहिलं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ज्यापासून दूर राहायला सांगितलं ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर हंगामाची वाट बघत उसाच्या रिकाम्या गाड्या उभ्या होत्या.

"हेमांगी, इकडे बघ. कंस बंद झाला का?"

कंस बंद झाला. आम्ही कंपायलरला पुन्हा कंपायलरच खायला दिला, आणि या वेळी निकालही मागितला. चकती फिरली. फिरतच राहिली. कुणी चहा करून पिऊन कप विसळून ठेवला असता. आणि मग निकाल आला. सरांनी तो ऑफिसातल्या मूळ कंपायलरच्या निकालाशी पडताळून पाहिला. अक्षरन् अक्षर तेच होतं.

सर खुर्चीला टेकले. डोळे पुसत म्हणाले, "मंद आहे. पण चालते गं!" मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, एखाद्या शाळकरी मुलीसारख्या. निर्मळ वाचली होती. तिच्याशी मी सात महिने रोज भांडले होते, तरी ती वाचल्याचा मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात खोत दार ढकलून आत आले. हातात पेन ड्राइव्ह. "लागलं का मार्गी?"

"लागलं!" मी म्हटलं.

"मग ह्यो नियम लावून बघा म्हणालेत एमडी साहेब. ह्यो चालला की सही करत्यात." त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला टेकले.

मी नियम उघडला. तीन ओळींचा होता. काही गटांची नावं, त्यापुढे लिहिलेलं: लागणीची तारीख कुठलीही असो, यांचा ऊस पहिल्या पंधरवड्यात. मी बटण दाबलं, आणि या वेळी खोतांनी सांगायच्या आत 'दाखवा'वरही क्लिक केलं. चकती फिरली आणि यादी आली. चूक एकही नाही.

सर यादी वाचत होते. सवयीप्रमाणे त्यांना प्रश्न पडला. "खोत, या गटांचा ऊस आधी का? लागण तर यांची सगळ्यांत शेवटची दिसते."

खोतांनी उठून दार लोटून घेतलं. "चेअरमनसाहेबांच्या पाव्हण्यांचं शिवार हाय ते."

"हा नियम मी पूर्वी पाहिलाय."

"पाहिलाय की. गेल्या हंगामात दोनदा आला तुमच्याकडं. दोन्ही बारीला तुम्ही 'कारण लिहा' म्हणून माघारी धाडला. आता कारण काय लिवणार?" खोत ओशाळं हसले. "म्हणून तर हे ब्राउझरचं काढलं साहेबांनी. तुमच्यापतूर यायलाच नको."

सरांनी विचारलं, "इंद्रजितला हे माहीत आहे?"

"त्यांनीच सुचवलं, सर," खोत म्हणाले आणि टोपी हातात फिरवत राहिले. "आमचं गाव ह्या यादीत पार तळाला गेलंय. पण मी चाकर माणूस."

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. कुणाला नवं काही हवंच नव्हतं. त्यांना फक्त सर नको होते. आणि सरांना काढायचं यंत्र आम्ही सात महिने खपून, सरांच्याच देखरेखीखाली, अगदी निर्मळपणे तयार केलं होतं. मला संताप आला, सरनोबतांचा आला आणि पेढे खाणाऱ्या माझाही आला.

सरांनी यादी शेवटपर्यंत वाचली. मग लॅपटॉप मिटला आणि कॉलर नीट केली. "चला," म्हणाले.

सभागृहात सगळे जेवून सुस्तावले होते. सर उभे राहिले. "नाही जमलं," ते म्हणाले. "आमची भाषा ब्राउझरमध्ये चालत नाही. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहिलं. शाल-श्रीफळ स्वतःच मागून घ्यावं तसं ते बोलले होते. सरनोबत साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना तयार माल हवा होता, हंगाम तोंडावर होता. ते माझ्याकडे वळले. "हेमांगी, सर थकलेत. तू सांग. चाललं की नाही? चाललं असेल तर हे सगळं काम तुझ्या नावावर, टीम तुझी, तू प्रमुख. नीट विचार करून बोल."

सात महिन्यांचं काम माझ्या मांडीवर होतं. झाकण उघडायचा अवकाश, सगळ्यांना दिसलं असतं की चालतं, आणि किती छान चालतं. मी सरांकडे पाहिलं नाही. खोतांकडे पाहिलं; त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. ते भिंतीवरचे चेअरमन निरखत होते.

"नाही चाललं," मी म्हटलं.

"गोल फिरत हुतं नुसतं, साहेब," खोत म्हणाले. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

परतताना कारखान्याच्या जीपमध्ये मी रडले. मला ते मोठेपण वगैरे काही वाटत नव्हतं, नुसता राग येत होता. नोकरी गेलीच होती, भाषा गेली होती, आणि सर खिडकीतून वारं घेत बसले होते.

"सर, उपयोग काय झाला?" मी म्हटलं. "पुण्याची पोरं येतील. चार महिन्यांत सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहितील. तो नियमही लिहितील. तुमच्या नाही म्हणण्यानं काही अडणार नाही."

"नाही अडणार," सर म्हणाले. "पण त्यांचं त्यांना लिहावं लागेल."

त्यांनी लिहिलं. पुढच्या हंगामात ऊस अगदी वेळेवर तुटला, ज्यांचा तुटायचा त्यांचा. बाकीच्यांचा फाल्गुन संपला तरी शेतात उभा होता.